जुन्या लष्करी विमानाचा रेडिओ: वीज जोडण्याआधीचे काम

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर, भारतीय नौदलाचे विमान संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर ही विमाने आणि आवारातले भले मोठे सुपर कॉन्स्टेलेशन पाहून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक साधा प्रश्न असतो: आतला रेडिओ अजून चालतो का, आणि चालत नसेल तर त्याला वीज जोडून तो चालू का करत नाहीत? मे २०१६ मध्ये दाबोळीच्याच हंसा या नौदल तळावर सी हॅरियर निवृत्त झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आयएल-३८ या टेहळणी विमानांनीही तेथूनच निरोप घेतला. एकेक पिढी अशी जमिनीवर उतरत असताना हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला जाणार आहे आणि त्याचे उत्तर नीट समजून घेण्याजोगे आहे. या लेखातील उदाहरणे मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी आणि ब्रिटिश संचांची आहेत, कारण त्यांची माहिती सर्वांत चांगली नोंदली गेली आहे. बोगमाळोच्या विमानांत नेमके तेच संच आहेत असे नव्हे, परंतु कामाची तत्त्वे सगळीकडे तीच आहेत.

रेडिओ म्हणजे एकच डबा नव्हे

घरातला जुना रेडिओ हा एक स्वयंपूर्ण डबा असतो. विमानातला रेडिओ तसा नसतो. ऐकण्याचा भाग म्हणजे ग्राहक, बोलणे बाहेर पाठवणारा भाग म्हणजे प्रक्षेपक, दोघांना वीज पुरवणारे यंत्र, वैमानिकाच्या हाताजवळची नियंत्रण पेटी, अँटेना, हेडफोन आणि मायक्रोफोनची जोडणी असे सहा-सात तुकडे विमानभर विखुरलेले असतात आणि तारांचे जुडगे त्यांना एकत्र बांधते. कर्मचाऱ्यांना आपापसात बोलण्यासाठी असलेली इंटरकॉमची व्यवस्थाही याच तारांत गुंतलेली असते.

अमेरिकी विमानांतील 'कमांड सेट' या नावाने ओळखला जाणारा एससीआर-२७४-एन हा संच याचे चांगले उदाहरण आहे. त्याचे ग्राहक वैमानिकाच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी एका चौकटीत बसवलेले असत. वैमानिक समोरच्या पेटीवरची मूठ फिरवी, आणि पोलादी तारेची एक लवचीक फिरती दांडी ती हालचाल ग्राहकाच्या तबकडीपर्यंत पोचवी. असा संच 'दुरुस्त' करायचा तर केवळ विजेचे काम करून भागत नाही. ती दांडी गंजून अडकली असेल तर ग्राहक ठणठणीत असूनही वैमानिकाच्या जागेवरून स्टेशन बदलता येत नाही. म्हणूनच एखाद्या संग्रहालयाकडे नुसता ग्राहकाचा डबा असला, तर रेडिओचा एक अवयवच त्याच्याकडे आहे असे मी मानतो.

व्हॉल्व्ह काम कसे करतो

ट्रान्झिस्टर येण्यापूर्वीच्या रेडिओचे काम व्हॉल्व्ह करीत. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची किंवा धातूची बंद नळी. तिच्यात एक बारीक तापक असतो. तो तापला की त्याच्याभोवतीच्या कॅथोड नावाच्या धातूच्या नळीतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या प्लेटवर मोठा धन विद्युत दाब (व्होल्टेज) असल्यामुळे तिकडे ओढले जातात. उलट दिशेने मात्र ते जात नाहीत. आपल्या खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधावर मानस, म्हणजे पाण्याचे झडपेचे दार, असते, ते ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ देते आणि भरती आली की दाबाने आपोआप मिटते. व्हॉल्व्हमधला प्रवाहही असाच एकाच दिशेचा असतो. कॅथोड आणि प्लेट यांच्यामध्ये ग्रिड नावाची एक जाळी असते. तिच्यावरचा दाब किंचित बदलला तरी इलेक्ट्रॉनांचा प्रवाह बराच कमीजास्त होतो. अँटेनाने पकडलेला अतिशय क्षीण संदेश या जाळीवर दिला की प्लेटच्या बाजूला तोच संदेश मोठा होऊन मिळतो.

पुढच्या सगळ्या विवेचनासाठी एवढेच लक्षात ठेवावे, की व्हॉल्व्हला दोन प्रकारची वीज लागते. तापकासाठी कमी दाबाची, साधारण ६ किंवा १२ व्होल्टची; आणि प्लेटसाठी उच्च दाबाची, म्हणजे ग्राहकात २०० ते २५० व्होल्ट आणि प्रक्षेपकात त्याहून कितीतरी अधिक. ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरमधील टी-११५४ या प्रक्षेपकाला तब्बल १,२०० व्होल्ट लागत.

विमानातली वीज घरासारखी नसते

त्या काळच्या मोठ्या विमानांत बॅटरी २४ व्होल्टची असे, आणि इंजिनावरचे जनित्र चालू झाले की दाब सुमारे २८ व्होल्ट होई. ही एकदिश वीज. तिच्यातून व्हॉल्व्हसाठी शेकडो व्होल्ट कसे मिळवायचे? विजेचा दाब कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर एकदिश विजेवर चालत नाही, म्हणून डायनामोटर वापरला जाई. डायनामोटर म्हणजे मोटर आणि जनित्र एकाच दांड्यावर, एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेले यंत्र. एका टोकाच्या कार्बन ब्रशांतून २८ व्होल्ट आत जातात, यंत्र फिरते, आणि दुसऱ्या टोकाच्या ब्रशांतून उच्च दाब बाहेर येतो. कमांड सेटच्या ग्राहकाचा डायनामोटर २८ व्होल्टवर सुमारे १.१ अँपिअर घेऊन २५० व्होल्टचे ६० मिलिअँपिअर देई. प्रक्षेपकाचा त्याहून मोठा डायनामोटर ५४० व्होल्टचे २५० मिलिअँपिअर देई. दाब कमी तेथे प्रवाह जास्त, म्हणून बॅटरीकडून येणाऱ्या तारा जाड असतात आणि डायनामोटरनंतरच्या तारा बारीक असूनही अधिक धोकादायक असतात. हे न जाणणारा माणूस नेमका उलटा समज करून घेतो.

पुढच्या काळातील विमानांत ११५ व्होल्टची, सेकंदाला ४०० आवर्तने असलेली उलटसुलट वीज आली. आपल्या घरातील विजेची आवर्तने सेकंदाला ५० असतात. आवर्तने वाढवली की ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा लहान करता येतो आणि विमानात प्रत्येक किलोला किंमत असते, हे त्यामागचे कारण. पण याच कारणामुळे असा ट्रान्सफॉर्मर घरच्या विजेवर जोडणे घातक ठरते. दाब ११५ व्होल्टवर उतरवून घेतला, तरी ५० आवर्तनांवर त्याच्या गाभ्यात ठरलेल्यापेक्षा आठपट चुंबकत्व उभे राहावे लागते. ते लोखंडाला पेलत नाही, प्रवाह भलताच वाढतो आणि काही क्षणांत वाइंडिंग, म्हणजे गाभ्यावरचे तारेचे वेटोळे, जळते. '११५ व्होल्ट' एवढेच वाचून आणि त्याखालचा आवर्तनांचा आकडा न वाचता वीज जोडणे ही या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारी घाई आहे, कारण तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळवणे जवळपास अशक्य असते.

मग लगेच वीज का जोडायची नाही?

साठ-सत्तर वर्षे बंद असलेल्या संचात सर्वांत आधी दगा देतो तो कपॅसिटर. वीज थोडा काळ साठवणारा आणि एकदिश वीज अडवून संदेश मात्र पुढे जाऊ देणारा हा भाग. त्या काळी तो बहुधा मेण किंवा तेल पाजलेल्या कागदाचा असे. वर्षानुवर्षे त्यात ओल शिरते, आणि जी एकदिश वीज त्याने अडवायची ती तो हळूहळू गळू देतो. एका व्हॉल्व्हच्या प्लेटवरून दुसऱ्याच्या ग्रिडकडे संदेश नेणारा कपॅसिटर असा गळू लागला, की पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो धन दाब येतो, त्याचा प्रवाह बेफाम वाढतो, व्हॉल्व्ह लाल होतो आणि त्याच्या जोडीला आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो. दहा रुपयांच्या भागाने दुर्मीळ भाग नष्ट होतो. इलेक्ट्रोलायटिक प्रकारच्या कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर वीज अडवतो. संच पडून राहिला की तो थर झिजतो. काही वेळा हळूहळू, तासन्‌तास दाब वाढवत तो पुन्हा तयार करता येतो, काही वेळा येत नाही.

म्हणून कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम छायाचित्रे, प्रत्येक बाजूने. मग कोरडी साफसफाई: मऊ ब्रश आणि हलका व्हॅक्यूम, पाणी नाही, उच्च दाबाची हवा नाही. त्यानंतर वीज न लावता मोजमाप. मल्टिमीटरने प्रत्येक तार सलग आहे का ते पाहायचे, प्रत्येक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला ठरावीक विरोध करणारा भाग, मोजायचा. जुने कार्बनचे रेझिस्टर ओल शोषून बहुधा छापील किमतीपेक्षा वर गेलेले असतात. मग मेगरने, म्हणजे उच्च दाब लावून आवरणाचा विरोध मोजणाऱ्या उपकरणाने, तारा आणि वाइंडिंगची तपासणी. मात्र त्याआधी नाजूक भाग सोडवून ठेवावे लागतात, नाहीतर तपासणीच त्यांचा घात करते. डायनामोटर वेगळा काढून, घट्ट झालेले जुने ग्रीस धुऊन, नवे भरून, ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर स्वच्छ करून, भाराशिवाय आणि कमी दाबावर फिरवून पाहायचा.

एवढे झाल्यावर वीज, आणि तीही प्रवाहाला मर्यादा घालणाऱ्या वीजपुरवठ्यातून. आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन संशयास्पद उपकरण तपासताना सिरीजमध्ये बल्ब जोडतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि उपकरण वाचते. त्यामागचे तत्त्व येथेही तेच. आधी केवळ तापकांची वीज द्यायची. कमांड सेटच्या ग्राहकांत १२.६ व्होल्टचे तापक दोन-दोन सिरीजमध्ये जोडून २८ व्होल्टवर चालवलेले असतात, त्यामुळे एक व्हॉल्व्ह गेला की त्याच्या जोडीदाराचाही तापक विझतो. हे माहीत नसेल तर चांगला व्हॉल्व्ह फेकला जातो. शेवटी उच्च दाब, पायरीपायरीने.

तारांचे जुडगे वाचता यावे लागते

माझ्या मते या कामाचा गाभा रेडिओच्या डब्यात नसून तारांत आहे, आणि नेमकी त्यांचीच सर्वांत जास्त हेळसांड होते. डबा आकर्षक दिसतो, त्याला किंमत मिळते. तारा मात्र विमान भंगारात काढताना कुऱ्हाडीने तोडल्या जातात.

लष्करी विमानातील तारांवर ठरावीक अंतराने क्रमांक छापलेला असतो. अमेरिकी पद्धतीत पहिले अक्षर तारेचे काम सांगते: एकदिश वीजपुरवठ्यासाठी एक अक्षर, रेडिओसाठी दुसरे, दिव्यांसाठी तिसरे. त्यापुढे तारेचा क्रमांक, मग तिच्या तुकड्याचे अक्षर, मग जाडीचा आकडा. 'पी ५ ए २० एन' याचा अर्थ वीजपुरवठ्याच्या पाचव्या तारेचा पहिला तुकडा, २० गेजचा, विमानाच्या सांगाड्याला जोडला जाणारा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. तीच तार एखाद्या जोडणीतून पार होऊन पुढे गेली की क्रमांक तोच राहतो, तुकड्याचे अक्षर बदलते. ही लिपी वाचता येणाऱ्याला नकाशा हरवला असला तरी अर्धे विमान तारांवरून उलगडते. सुपर कॉन्स्टेलेशनसारख्या विमानाचा विचार करावा. ते आधी एअर इंडियाकडे होते, मग हवाई दलाकडे गेले आणि शेवटी नौदलाकडे आले. अशा विमानात प्रत्येक नवा धनी आपल्या गरजेप्रमाणे उपकरणे बदलतो, आणि जुन्या तारा बहुधा काढून न टाकता तोंड बांधून तेथेच ठेवल्या जातात. कोठेही न पोचणारी तार म्हणजे कचरा असे समजून ती ओढून काढणारा माणूस त्या विमानाच्या सेवेतील एक पान फाडत असतो.

तारांची आवरणेही काळ सांगतात. युद्धकाळातील तारांना रबराचे आवरण आणि वर सुती विणीचे कवच असे. रबर टिकाऊ करण्यासाठी वापरलेले गंधक तांब्याला खाते, म्हणून तांब्यावर कथलाचा मुलामा दिला जाई. असे रबर आता ठिसूळ झालेले असते. तार जागच्या जागी पडून असते तोवर ते धरून राहते, पण वाकवली की तडकून तांबे उघडे पडते. त्यामुळे मेगरवर उत्तम निकाल देणारे जुडगे हलवल्यावर शॉर्ट होऊ शकते. नंतरच्या दशकांत प्लास्टिकची आवरणे आली, आणि १९७०च्या सुमारास पॉलिइमाइडचे अतिशय पातळ व हलके आवरण आले. त्याला चीर गेली आणि ओल मिळाली तर ठिणगीने त्याचा कोळसा होतो, कोळशातून वीज वाहते, आणि ठिणगी जुडग्याभर पसरते. लष्करी आणि नागरी विमानसेवांनी या अनुभवातून पुढे आवरणांचे मिश्र प्रकार स्वीकारले.

जुडगे बांधण्याची पद्धतही जपण्यासारखी आहे. प्लास्टिकच्या पट्ट्या येण्यापूर्वी मेणाचा दोरा ठरावीक अंतराने गुंडाळून गाठी मारल्या जात. दोऱ्याची गाठ मऊ असते, तारेच्या आवरणात रुतत नाही. प्लास्टिकच्या पट्टीची कापलेली कड मात्र शेजारच्या तारेला आणि काम करणाऱ्याच्या मनगटाला कापते. जीर्णोद्धारात पुन्हा दोराच वापरावा, असे माझे ठाम मत आहे. त्यात जुनेपणाची हौस थोडी असली तरी मुख्य कारण हे, की बदललेली एक तार पुढे पुन्हा काढायची झाली तर दोरा सहज कापता येतो.

आणखी दोन गोष्टी तारांइतक्याच महत्त्वाच्या. एक, विमानाचा ॲल्युमिनियमचा सांगाडा हीच विजेची परतीची वाट असते. जेथे तार सांगाड्याला जोडलेली आहे तेथे धातू स्वच्छ नसेल तर दोष रेडिओत दिसतो आणि मूळ कारण दोन मीटर दूर एका बोल्टखाली असते. दुसरे, पिस्टन इंजिनाच्या विमानात स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओत खरखर निर्माण करते, म्हणून प्रज्वलनाच्या आणि रेडिओच्या तारांवर धातूच्या विणीचे कवच असते. हे कवच मध्येच तुटले, किंवा ज्या टोकाला जोडायचे ते टोक सुटले, की ग्राहक दुरुस्त असूनही ऐकू काहीच येत नाही. जमिनीवरच्या प्रदर्शनात इंजिन बंदच असते, म्हणून ही जोडणी अनेकदा दुर्लक्षित राहते.

गोव्याची हवा

हे काम कोरड्या प्रदेशातही अवघड असते. समुद्राकाठी त्याचे स्वरूपच बदलते. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तर कागदी कपॅसिटर आणि सुती विणीची गोष्ट वेगळी सांगायला नको. किनाऱ्यावरच्या हवेतील मीठ हे त्याहून मोठे संकट आहे. मीठ हवेतली ओल ओढून घेते. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला पितळेचा किंवा पोलादाचा स्क्रू टेकलेला असेल आणि मध्ये खारट ओल असेल, तर तेथे सूक्ष्म प्रवाह सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी साचते. तांब्यावर हिरवट थर येतो. प्लगच्या टोकांवरचा चांदीचा मुलामा काळा पडतो.

युद्धकाळातील अभियंत्यांना या प्रश्नाची जाणीव फार लवकर झाली. ब्रह्मदेश आणि प्रशांत महासागराच्या आघाडीवर दमट हवेने आणि बुरशीने नव्याकोऱ्या उपकरणांचा जीव घेतल्यावर संपूर्ण संचावर ओल व बुरशी रोखणारे विशेष वार्निश फवारण्याची पद्धत सुरू झाली. तसे केल्याची खूण आणि तारीख डब्यावर छापली जाई. आजही काही संचांत आतल्या तारांवर पिवळसर, किंचित चकाकणारा थर दिसतो, तो हाच. तो खरवडून 'स्वच्छ' करू नये. तो त्या संचाला दमट आघाडीसाठी तयार केल्याचा पुरावा आहे, शिवाय काही वार्निशांत पाऱ्याची संयुगे असल्यामुळे त्याची धूळ आरोग्यालाही घातक आहे.

गोव्यात रेडिओ दुरुस्त करणे आणि मग तो उघड्या विमानात परत बसवणे हे माझ्या मते श्रमांचा अपव्यय आहे. उघड्यावरच्या विमानात रिकामा डबा किंवा हुबेहूब प्रतिकृती बसवावी, आणि मूळ संच आर्द्रता नियंत्रित असलेल्या बंद दालनात, तारांच्या जुडग्यासह, ठेवावा. उघड्या विमानात कुंभारमाशी नळ्यांमध्ये मातीची घरे बांधते, उंदीर आवरणे कुरतडतात, आणि पहिल्या पावसाळ्यातच वर्षभराचे काम वाया जाते.

जी धूळ नाकात जाऊ नये ती

जुन्या विमानातील काही डायल आणि स्विचवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. तो आता चमकत नाही म्हणून निरुपद्रवी झाला असे बहुतेकांना वाटते. विझते ते रंगातले चमकणारे रसायन. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे, म्हणून त्याचा किरणोत्सर्ग जवळपास पूर्वीइतकाच असतो. अशा डायलची काच उघडू नये, रंग खरवडू नये, आणि शंका असेल तर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणाने तपासून घ्यावे. संचाच्या पोलादी चासीवरच्या, म्हणजे आतल्या सांगाड्यावरच्या, कॅडमियमच्या मुलाम्याची राखाडी-पांढरी भुकटी विषारी असते. तेलाने भरलेल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल हे विषारी रसायन असू शकते, तर उष्ण जागीच्या काही तारांच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असते. हातमोजे, मुखपट्टी आणि ओला फडका ही किमान काळजी.

'आत नवे सर्किट बसवले तर काय बिघडते?'

हा आक्षेप रास्त वाटतो. बाहेरून जुना डबा, आत आधुनिक ग्राहक. आवाजही स्वच्छ येईल, धोकाही नाही. उडत्या स्थितीत ठेवलेल्या जुन्या विमानांत तर आधुनिक रेडिओ बसवावाच लागतो, कारण आजच्या हवाई वाहतूक नियंत्रणाशी जुन्या संचावरून बोलता येत नाही. तेथे सुरक्षितता प्रथम, आणि मूळ संच शोभेपुरता उरतो, हे योग्यच आहे.

परंतु संग्रहालयातील संचाचे काम वेगळे आहे. तो कसा बनवला होता, कोणी कोठे दुरुस्त केला, कोणत्या कारखान्याचे व्हॉल्व्ह घातले होते, हे त्याच्या आतच लिहिलेले असते. त्याचे आतडे काढून टाकले की उरतो तो केवळ पत्रा. मधला मार्ग आहे, आणि चांगले कारागीर तोच निवडतात: निकामी झालेला कागदी कपॅसिटर काढायचा, त्याच्या मूळ कवचातले आतले सारण काढून तेथे आजचा छोटा कपॅसिटर बसवायचा, तळ पुन्हा बंद करायचा, आणि काय बदलले त्याची नोंद व काढलेला माल सोबत ठेवायचा. बाहेरून काही बदललेले दिसत नाही, आणि पुढे कोणाला परत फिरायचे असेल तर वाट मोकळी राहते. जुने कवच फोडावेच लागत असेल, तर मात्र संच मूक ठेवलेला बरा.

रंगाबाबतही हेच. टी-११५४ प्रक्षेपकाच्या मुठी निळ्या, लाल आणि पिवळ्या होत्या. प्रत्येक रंग एका लहरपट्टीसाठी होता, म्हणजे अंधारात, थंडीत, हातमोजे घातलेल्या माणसाची चूक होऊ नये. कोणीतरी 'लष्करी वाटावे' म्हणून त्या सगळ्या काळ्या रंगवल्या, तर संच सुंदर दिसेल आणि त्याचा अर्थ नाहीसा होईल.

एक अवघड प्रश्न उरतो. युद्धानंतर असे संच भंगारातून हजारोंनी हौशी रेडिओधारकांच्या हाती आले आणि त्यांनी ते आपल्या गरजेप्रमाणे बदलले: तापकांची जोडणी १२ व्होल्टची केली, पुढच्या पत्र्याला भोके पाडली, डायनामोटर काढून ट्रान्सफॉर्मर बसवला. हे बदल पुसून मूळ रूप आणायचे का? बदल नीटनेटका आणि त्या काळचा असेल तर तो राहू द्यावा, असे मला वाटते. तोही त्या संचाच्या आयुष्याचा भाग आहे.

'दुरुस्त झाला तर त्यावरून बोलता येईल?'

ऐकता येईल. कमांड सेटमधील बीसी-४५३ हा ग्राहक १९० ते ५५० किलोहर्ट्‌झ पट्टीचा आहे, आणि विमानांना दिशा दाखवणारे बीकन आजही याच पट्टीत आहेत. बीसी-४५५ सुमारे ६ ते ९ मेगाहर्ट्‌झ ऐकतो. त्यात लघुलहरी केंद्रे आणि हौशी रेडिओची ७ मेगाहर्ट्‌झची पट्टी येते. युद्धकाळातील एससीआर-५२२ हा संच तर १०० ते १५६ मेगाहर्ट्‌झ पट्टीत चाले, आणि आजची नागरी विमाने ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झवर, त्याच जुन्या ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन (लहरीची उंची आवाजाप्रमाणे बदलण्याच्या) पद्धतीने बोलतात. दाबोळीवर उतरणाऱ्या आजच्या विमानाचा रेडिओ त्या संचाचा सरळ वंशज आहे.

बोलणे मात्र वेगळी गोष्ट. आपल्या देशात प्रक्षेपक बाळगायला आणि वापरायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. हौशी रेडिओसाठी परीक्षा देऊन तो मिळवता येतो, पण तोही ठरावीक पट्ट्यांपुरताच. विमानवाहतुकीच्या पट्टीत गंमत म्हणून क्षणभर केलेले प्रक्षेपणही उतरणाऱ्या विमानाच्या संभाषणात अडथळा आणू शकते. जुन्या प्रक्षेपकाची लहर तापमानाबरोबर सरकते आणि शेजारच्या लहरींवरही पसरते. प्रक्षेपक चालतो का हे पाहायचे तर अँटेनाऐवजी डमी लोड जोडावा, म्हणजे सारी ऊर्जा बाहेर न जाता उष्णतेत विरते. संग्रहालयाने ग्राहक जिवंत ठेवावा आणि प्रक्षेपक मूकच ठेवावा, असे मी सुचवेन. शेकडो व्होल्टचा संच लहान मुलांच्या हाताच्या अंतरावर चालू ठेवण्याचे समर्थन कोणत्याही शैक्षणिक हेतूने होत नाही.

'एवढा खटाटोप कशासाठी?'

कारण लष्कराच्या दृष्टीने रेडिओचे मोल काय होते, हे गोव्याइतके जवळून फार थोड्या प्रदेशांनी पाहिले आहे. मार्च १९४३ मध्ये, पोर्तुगाल तटस्थ असताना, ब्रिटिशांनी मुरगाव बंदरातील एरेनफेल्स या जर्मन जहाजावर गुप्त छापा घातला. त्या जहाजावरील प्रक्षेपकावरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांचा ठावठिकाणा पाणबुड्यांना कळवला जातो, हे त्या छाप्याचे कारण होते. १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्याच्या सीमेबाहेरच्या जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र चालवून मुक्तिसंग्रामाचा आवाज पोर्तुगीज राजवटीच्या आत पोचवला. आणि १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने पहिल्याच दिवशी लक्ष्य केले ते दाबोळीची धावपट्टी आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र. तेव्हाच्या हंटर आणि कॅनबेरा विमानांतील वैमानिकांना एकमेकांशी आणि तळाशी जोडणारी गोष्ट हीच होती: काही किलो वजनाचे डबे आणि त्यांच्या तारा. विमानाचे पंख आणि इंजिन पाहून त्याची ताकद कळते. ते आदेश कसे घेत होते आणि माहिती कशी देत होते हे रेडिओच सांगतो.

घरात असा एखादा संच असेल तर

गोव्यात हे अशक्य नाही. नौदलातून निवृत्त झालेल्यांच्या, तारवटींच्या म्हणजे जहाजांवर काम केलेल्यांच्या आणि जुन्या हौशी रेडिओधारकांच्या घरांतील पेट्यांत असे डबे अजून सापडतात, आणि भंगारवाल्याकडे ते ॲल्युमिनियमच्या भावाने जातात. असा संच मिळाला तर तो चालू करून पाहू नये. त्यावरची पाटी वाचून प्रकार, क्रमांक आणि असल्यास तारीख लिहून घ्यावी. त्याला जोडलेले प्लग आणि तारांची टोके कापू नयेत. ते तुटलेले असले तरी त्यांच्यासह ठेवावेत, कारण तशाच जातीचा प्लग शोधायला कधी कधी वर्षे जातात. व्हॉल्व्ह कोणत्या खाचेत होते ते टिपल्याशिवाय उपसू नयेत. सोबत कागद, नियमपुस्तिका, हेडफोन काही असेल तर ते त्याच पेटीत राहू द्यावे. संच कोणाचा होता, कोठून आला, हे घरातील वडीलधारी माणसे सांगू शकत असतील तर त्यांना विचारून तेही लिहून ठेवावे. सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या पेटीत, जमिनीपासून उंचावर तो ठेवावा, आणि पावसाळा संपण्याची वाट न पाहता एखाद्या संग्रहालयाला किंवा परवानाधारक हौशी रेडिओधारकाला दाखवावा.